ग्रीन कार्ड सांगलीत हरवलं, आणि मे महिन्यात नागरिकत्वाचा अर्ज करायचा होता

संगमावरची | १४ जानेवारी २०२५

नमस्कार मंडळी. आज संक्रांत, आणि मी सकाळपासून तिसऱ्यांदा कपाट उपसलंय.

बाबांच्या बायपाससाठी २० नोव्हेंबरला अमेरिकेहून आले. ऑपरेशन मिरजेत झालं. बाबा आता घरी आहेत, अंगणापर्यंत चालतात. गेल्या गुरुवारी त्यांची औषधं घेऊन मिरजेहून सांगलीला येताना पर्स गेली. रिक्षात राहिली की स्टँडवर कुणी काढली, काही सांगता येत नाही. पैसे थोडेच होते, पण माझं ग्रीन कार्ड त्यातच होतं. पासपोर्ट घरी होता म्हणून वाचला. कार्ड घेऊन कशाला फिरत होतीस, असं घरातले सगळे विचारून झालेत. तिकडे अठरा वर्षांवरच्या कायम रहिवाशानं कार्ड सतत जवळ बाळगायचं असा कायदाच आहे, तीच सवय इथे आल्यावरही सुटली नाही.

आमचं लग्न डिसेंबर २०१९ मध्ये सांगलीतच झालं. नवरा मूळचा कराडचा, २०१८ पासून अमेरिकन नागरिक. लग्नानंतर तो गेला, मागोमाग कोविड आला, माझी मुलाखत लांबत लांबत गेली आणि मी तिकडे पोचले ते २४ मे २०२२ ला. तोवर लग्नाला दोन वर्षं उलटली होती, त्यामुळे दोन वर्षांचं सशर्त कार्ड न मिळता थेट दहा वर्षांचं मिळालं. नागरिकाच्या जोडीदाराला पाचऐवजी तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. म्हणजे या मे महिन्यात माझी वेळ येते. आम्ही दोघं दिवस मोजत होतो.

आता कार्डच नाही. मग ती तीन वर्षंही गेली का? सगळं पहिल्यापासून सुरू करायचं? परतीचं तिकीट २२ फेब्रुवारीचं आहे. एक एजंट म्हणतो, "कार्ड मिळायला वर्ष जाईल, मी टुरिस्ट व्हिसा काढून देतो, आत्ता तसं जा." मला रात्र रात्र झोप नाही. कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

अजिंक्यताऱ्याखाली | १४ जानेवारी, रात्री

ताई, आधी त्या एजंटाचा फोन घेणं बंद करा.

सातबाऱ्याचा उतारा हरवला म्हणून जमीन जाते का? तलाठ्याकडे नोंद असते, उतारा दुसरा निघतो. तुमच्या कायम रहिवासाचंही तसंच आहे. कार्ड हा पुरावा आहे, हक्क नोंदीत आहे. तो कार्डासोबत पर्समध्ये नव्हता. पण तुम्ही पाहुणीच्या व्हिसावर परत गेलात, तर मी इथे राहायला आलेली नाही असं स्वतःच्या सहीनं सांगितल्यासारखं होईल. रहिवास सोडला असं मानायला जागा तुम्हीच कशाला द्यायची?

माझ्या भावजयीचं कार्ड २०२३ ला साताऱ्यात असंच गेलं. विमान कंपनी कार्डाशिवाय चढू देत नाही हे खरं. त्यासाठी आय-१३१ए नावाचा अर्ज आहे. त्याची फी ५७५ डॉलर, आधी ऑनलाइन भरायची, पावती छापायची आणि वेळ घेऊन वकिलातीत स्वतः जायचं. तिकडे ते पासपोर्टात एक कागद चिकटवतात, त्याला बोर्डिंग फॉइल म्हणतात. तो साधारण ३० दिवस चालतो, म्हणून फार आधीही काढू नका. अट एवढीच की तुम्ही अमेरिकेबाहेर एक वर्षापेक्षा कमी काळ असला पाहिजेत. तुमचे दोन महिने पण झाले नाहीत.

उद्या सकाळी पोलीस ठाण्यात जाऊन गहाळ दाखला घ्या. त्यावर नाव पासपोर्टात आहे तसंच लिहून घ्या, अक्षर न् अक्षर.

पेठेतला | १५ जानेवारी

आवं ताई, घाबरू नगा. माझ्या मेव्हणीचं बी असंच झालं हुतं, दोन आठवड्यात गेली माघारी. बाबांची काळजी घ्या.

भडंग_आणि_चहा | १५ जानेवारी

मूळची विश्रामबागची, आता ओहायोत. २०२१ मध्ये तीन वर्षांच्या नियमानंच नागरिक झाले. मी वकील नाही, पण हा रस्ता स्वतः चालून गेले आहे.

पासपोर्टावर तुमचा २०२२ चा इमिग्रंट व्हिसा अजून असेल. त्यावर रजिस्ट्रेशन नंबर म्हणून जो लिहिलाय तोच तुमचा ए-नंबर, म्हणजे तिकडच्या इमिग्रेशन खात्याच्या नोंदीतला तुमचा क्रमांक. कार्डाची झेरॉक्स नसली तरी हा नंबर हाती असला की पुढचे सगळे अर्ज भरता येतात. त्या पानाचा आणि प्रवेशाच्या शिक्क्याचा फोटो काढून आजच नवऱ्याला पाठवा.

आता तारखांबद्दल, कारण लोक इथे घाई करतात. "९० दिवस आधी अर्ज करता येतो" हे तुम्ही ऐकलं असेल. ते खरं आहे, पण ती सवलत सलग रहिवासाच्या काळाला आहे. जोडीदाराच्या नियमात दुसरी अट आहे: अर्ज भरण्याच्या दिवसापूर्वीची तीन वर्षं तुम्ही नागरिक जोडीदारासोबत एकत्र नांदत असला पाहिजेत. पुष्कळ जोडपी आधीपासून एकत्र असतात, त्यांना ९० दिवस लवकर भरून चालतं. तुमचं लग्न २०१९ चं असलं तरी कोविडमुळे तुम्ही सांगलीत आणि तो तिकडे. एका छताखाली आलात ते २४ मे २०२२ ला. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्ज टाकू नका. २४ मे उलटू द्या. तीन महिन्यांच्या उतावीळपणात अर्ज नाकारला तर फीही जाते आणि वेळही.

आणि दिवस मोजा. तीन वर्षांत किमान १८ महिने, म्हणजे ५४८ दिवस, प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले असावे लागतात.

संगमावरची | १५ जानेवारी

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू? आज पहिल्यांदा जेवण गेलं.

२०२३ ला ६२ दिवस आले होते, आणि २२ फेब्रुवारीला निघाले तर या खेपेचे ९४ होतील. एकूण १५६. म्हणजे त्या बाजूनं काही अडचण नाही. ९० दिवसांच्या सवलतीमागची ही दुसरी अट मला अजिबात माहीत नव्हती. मेची वाट न बघता २३ फेब्रुवारीलाच, विमानातून उतरल्या उतरल्या अर्ज भरावा, असंही आमच्या मनात होतं.

पण आई म्हणते, बाबांना उन्हाळ्यात एकटं टाकू नकोस, जूनपर्यंत थांब. काय करू?

भडंग_आणि_चहा | १६ जानेवारी

हे उत्तर देताना हात जड होतो. माझीही आई सांगलीत एकटीच असते.

एका खेपेला १८० दिवसांवर बाहेर राहिलात तर सलग रहिवास तुटला असं ते गृहीत धरतात. ते खोडून काढता येतं, पण जबाबदारी तुमच्यावर: तिकडची नोकरी सोडली नव्हती, घर होतं, कर भरला, जोडीदार तिथेच होता, हे सगळं कागदांनी दाखवायचं. तुमचे १८० दिवस मेच्या तिसऱ्या आठवड्यात भरतात. वर्ष उलटलं तर मात्र रहिवास तुटतोच आणि परत येण्यासाठी वेगळा परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा मागावा लागतो. माझ्या चुलत नणंदेनं आईच्या आजारपणात साडेसात महिने काढले. तिनं हॉस्पिटलचे कागद, घरभाड्याचा करार, पगाराच्या स्लिपा सगळं नेलं, अधिकाऱ्यानं मान्य केलं. पण मुलाखतीच्या खोलीत दीड तास गेला आणि तिला घाम फुटला होता.

फेब्रुवारीत जा, कार्डाचं मार्गी लावा, गरज पडली तर पुन्हा या. दोन छोट्या खेपा एका लांब खेपेपेक्षा बऱ्या.

नाव_नको | १९ जानेवारी

हे इथे लिहावं की नाही कळत नव्हतं. माझं कार्ड हरवलेलं नाही. ते सासूबाईंच्या कपाटात आहे आणि मला देत नाहीत. पासपोर्टही तिथेच. नवरा नागरिक आहे. "नीट वागलीस तर तीन वर्षांनी अर्ज करू," असं म्हणतो. माहेर वाळवा तालुक्यात, घरी सांगितलेलं नाही. मला येऊन सव्वादोन वर्षं झाली. धागा वाचून वाटलं, विचारावं.

भडंग_आणि_चहा | १९ जानेवारी

बरं झालं लिहिलंस. तुला मेसेज केलाय, पण इथेही लिहिते, कारण वाचणाऱ्यांत तुझ्यासारख्या आणखी असतील.

कार्ड तुझं आहे. नवऱ्याचं नाही, सासूचं तर नाहीच. तुझ्या हाती नाही, म्हणजे तुझ्यापुरतं ते गेलेलं आहे. कार्ड बदलून मागायचा अर्ज आय-९०, ऑनलाइन ४१५ डॉलर. तो तू एकटी भरू शकतेस, नवऱ्याची सही लागत नाही. खरी हकीकत लिही. फक्त पत्ता असा दे की नवं कार्ड तुझ्याच हाती पडेल.

दुसरी गोष्ट, नवरा ज्या अर्जाची भीती घालतो ना, त्याबद्दल. तीन वर्षांचा नियम लग्नावर आहे, तो टिकायला लग्न शपथेपर्यंत टिकावं लागतं. पण पाच वर्षांचा नियम कुणाच्याही लग्नावर नाही. कायम रहिवासाची पाच वर्षं झाली की तू स्वतःच्या नावावर अर्ज करू शकतेस. आणि नागरिक जोडीदारानं छळ केला म्हणून ज्यांना स्वतःच्या अर्जावर कायम रहिवास मिळाला, त्यांच्यासाठी तीन वर्षांच्या कायद्यातच वेगळी तरतूद आहे. तुझं कार्ड दोन वर्षांचं असेल तर त्याच्या अटी काढायचा आय-७५१ हा अर्जही छळाच्या कारणावरून नवऱ्याच्या सहीशिवाय एकटीला करता येतो. तारीख उलटून गेली असेल तर उद्याच वकिलाला भेट. मोफत मदत करणाऱ्या संस्था जवळपास प्रत्येक राज्यात आहेत. कुणी हात उगारला तर ९११. मराठीत बोलणारं माणूस हवं असेल तर मी दुभाषी म्हणून फोनवर बसेन, रात्री दोनलासुद्धा.

अजिंक्यताऱ्याखाली | २० जानेवारी

नाव_नको ताई, वाळव्यात कुणाला निरोप द्यायचा असेल तर मी स्वतः गाडी घेऊन जाईन. तुमच्या परवानगीशिवाय कुणाला एक शब्द बोलणार नाही.

संगमावरची | १६ फेब्रुवारी

उशिरा लिहितेय, माफ करा. फॉइल मिळाली!

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी दाखल्यावर "अमेरिकेचे ओळखपत्र" एवढंच लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी विनंती करून "अमेरिकेचे स्थायी रहिवासी कार्ड" असं करून घेतलं आणि ए-नंबर घालून घेतला. मग रात्रीची महालक्ष्मी धरली, पहाटे थंडीत दादरला उतरले, मावसबहिणीकडे अंघोळ केली आणि बांद्रा-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत गेले. फोन आत नेता येत नाही, म्हणून बहीण बाहेर फोन घेऊन उभी. खिडकीतल्या बाईंनी तीनच गोष्टी विचारल्या: कधी निघालात, कार्ड कुठे गेलं, नवरा कुठे आहे. मी हॉस्पिटलच्या डिस्चार्जचा कागद दाखवला, त्यांनी तो वाचलासुद्धा. अकरा दिवसांनी पासपोर्ट हाती आला.

बाबा म्हणाले, "जा तू. मी मे महिन्यापर्यंत काही मरत नाही." त्यांच्या बोलण्याची पद्धतच अशी आहे.

संगमावरची | २ जून

अर्ज गेला. २९ मे ला एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, ऑनलाइन भरला, ७१० डॉलर. आय-९० फेब्रुवारीतच परत आल्यावर भरला होता. दोन्ही अर्ज वेगळे आहेत, एकामुळे दुसरा टळत नाही. एन-४०० च्या पावतीनं मुदत संपलेल्या कार्डाला २४ महिन्यांची वाढ मिळते, पण ज्याच्या हातात कार्डच नाही त्यानं वाढ कशाला जोडायची? मी इमिग्रेशन खात्याच्या कॉल सेंटरला फोन करून कायम रहिवासाच्या पुराव्याचा तात्पुरता शिक्का मागितला. तो आता आय-९४ च्या, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीच्या, कागदावर मारून टपालानंही पाठवतात, माझा तसाच आला. नोकरीत पुरावा म्हणून तोच चालला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो नावांत, आणि हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते. आपल्याकडे लग्नाआधी मधलं नाव बापाचं, लग्नानंतर नवऱ्याचं. माझ्या जन्मदाखल्यावर आणि शाळेच्या दाखल्यावर बाबांचं नाव मधे, माहेरचं आडनाव. पासपोर्टावर नवऱ्याचं नाव मधे, सासरचं आडनाव. बँकेत मधलं नावच नाही. तिकडच्या अधिकाऱ्याला ही तीन बायकांची नावं वाटतात. अर्जात पूर्वी वापरलेली नावं विचारतात, तिथे मी सगळी लिहिली. लग्नाचा दाखला हाच दोन्ही नावांमधला पूल, म्हणून त्याची नवी प्रत महापालिकेतून दादानं काढून पाठवली. गहाळ दाखला मराठीत होता. मराठी कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं आणि भाषांतर करणाऱ्यानं आपल्याला दोन्ही भाषा येतात असं सहीनिशी लिहून द्यावं लागतं. ते इथल्या एका मैत्रिणीनं केलं.

बाकी एकत्र राहण्याचे पुरावे: दोघांचे तीन वर्षांचे करविवरण, घरभाड्याचा करार, जोडखातं, नवऱ्याच्या नागरिकत्वाचा दाखला. सगळ्या प्रवासांच्या तारखाही दिल्या, १५६ दिवसांसकट. एक नातेवाईक म्हणाले, "९४ दिवसांची खेप लिहूच नकोस." मी लिहिली. प्रवेशाची नोंद त्यांच्याकडे असतेच, आणि खोटं सापडलं तर खेप नाही, खोटं नडतं.

पेठेतला | ३ जून

ताई, एक इचारू? नागरिक झाल्यावर तासगावच्या द्राक्षबागेचं काय? आमच्यात म्हणत्यात परदेशी झालं की शेतीवरचं नाव जातं.

संगमावरची | ३ जून

हा प्रश्न आमच्या घरात रोज रात्री निघतो. बाबांनीही पहिल्यांदा हेच विचारलं. मलाही नीट माहीत नाही, कुणी सांगेल का?

अजिंक्यताऱ्याखाली | ४ जून

मी महसूलमध्ये २६ वर्षं काढली, म्हणून सांगतो.

भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानं, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेनं घेतलं की आपलं आपोआप संपतं. मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना देतात ते कार्ड, मिळतं. त्यावर आयुष्यभर येजा करता येते, पण मतदान नाही आणि शेतजमीन, मळा, फार्महाउस विकत घेता येत नाही.

वारसाहक्क मात्र वेगळा. वडिलांच्या पश्चात वारस म्हणून शेतजमीन ओसीआयधारकालाही मिळते. मुलींचा समान हक्क आपल्या राज्यात १९९४ पासून आहे, देशभर २००५ पासून. नागरिकत्व बदललं म्हणून रक्ताचा वारस संपत नाही, सातबाऱ्यावर नाव लागतं. पुढे विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते.

आणि आणखी एक, जे कुणी सांगत नाही. परदेशी स्थायिक झालेल्याला शेतजमीन खरेदीनं किंवा बक्षीसपत्रानं घेता येत नाही, हा नियम अनिवासी भारतीयालाही आहे. म्हणजे तुमच्यासाठी तो २०२२ लाच लागू झाला. "शपथेआधी घाईनं बक्षीसपत्र करून घ्या" असं कुणी सुचवलं तर त्याचं ऐकू नका. बाबांना सांगा, बागेवरचा लेकीचा हक्क शपथेनं जात नाही.

संगमावरची | ४ जून

काका, हे बाबांना फोनवर वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "छाटणी यंदा वेळेवर करून घेतो."

संगमावरची | १५ नोव्हेंबर

काल शपथ झाली.

मुलाखत ७ ऑक्टोबरला होती. नवं कार्ड तोवर आलंच नव्हतं. आय-९० ची पावती, शिक्क्याचा कागद, गहाळ दाखला आणि त्याचं भाषांतर समोर ठेवलं. अधिकाऱ्यानं विचारलं, शोधायचा प्रयत्न केला होता का? मी रिक्षा स्टँड, एसटीचा डेपो, पोलीस ठाणं सगळं सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. त्याचा उपयोग शपथेच्या दिवशी झाला. तिथे ग्रीन कार्ड परत द्यावं लागतं, पण ते हरवल्याचा आणि शोधल्याचा पुरावा मुलाखतीत दिलेला असेल तर ती अट सोडतात. म्हणून मिरजेतला तो दाखला फेकू नका कुणी, मी दहा महिने जपून ठेवला होता.

परीक्षेत दहांपैकी सहा बरोबर लागतात, त्यांनी सहाच विचारले आणि थांबले. पण २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज भरणाऱ्यांना नवी परीक्षा आहे: १२८ प्रश्नांच्या यादीतून २० विचारतात, १२ बरोबर हवेत. अभ्यास जास्त लागेल.

शपथेत जुन्या देशाची निष्ठा सोडल्याचं म्हणायचं असतं. ते वाक्य आलं तेव्हा माझा आवाज फुटला नाही, फक्त ओठ हलले. नवऱ्यानं हात धरला होता. बाहेर आल्यावर आईला व्हिडिओ कॉल केला, तिनं तिकडून फोनलाच ओवाळलं.

आता भारतीय पासपोर्टावर प्रवास करायचा नाही, तो जमा करून तसा दाखला घ्यायचा, मग ओसीआय. जानेवारीत बाबांना भेटायचं आहे. तोवर ओसीआय नाही झालं तर ई-व्हिसा काढून येईन. माझ्याच गावात व्हिसा काढून. हे लिहिताना थोडं थांबावं लागलं.

नाव_नको | १६ नोव्हेंबर

ताई, अभिनंदन. माझं नवं कार्ड ऑगस्टमध्ये आलं, मैत्रिणीच्या पत्त्यावर. मी आता वेगळी राहते. घरी सांगितलं. आई दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, तुला लोणचं पाठवते, पत्ता दे. पाच वर्षांच्या नियमानं अर्ज करणार आहे. भडंगताई, तुमच्यामुळे.

माहुलीचा_मुलगा | १८ नोव्हेंबर

नमस्कार, नवीन सदस्य आहे, साताऱ्याहून लिहितोय. बायको अमेरिकन नागरिक, माझं ग्रीन कार्ड कालच्या प्रवासात हरवलं. काय करायचं काही सुचत नाही. मदत करा प्लीज.

संगमावरची | १८ नोव्हेंबर

दादा, आधी पाणी प्या. मग एवढंच सांगा: तिकडून निघालात कोणत्या तारखेला, आणि पासपोर्ट जवळ आहे ना?